पारध्याची बोली : संशयाला पुरावा, हक्काला नाही!

३ ऑक्टोबर २०२४ या एकाच दिवशी दिल्लीत दोन निर्णय झाले. केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठी, पाली, प्राकृत, बंगाली आणि असमिया या भाषांना अभिजात दर्जा दिला. त्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल देऊन तुरुंगातील जातीनिहाय कामवाटप घटनाबाह्य ठरविले आणि विमुक्त जमातींना जन्मजात सराईत गुन्हेगार समजणारे तुरुंग नियमावलीतील उल्लेख काढून टाकण्यास सांगितले. पहिल्या निर्णयाचे पेढे आम्ही भूममध्येही वाटले. आमचा भाग खव्याचा, त्यामुळे पेढ्यांना तोटा नव्हता. मराठीबरोबर पालीचाही मान झाला म्हणून बौद्ध बांधवांना दुप्पट आनंद. दुसऱ्या निर्णयाची मात्र तालुक्यात कुणी फारशी चर्चा केली नाही. ज्यांच्यासाठी तो होता ते पारधी बांधव त्या दिवशीही गावाबाहेरच्या गायरानावर होते आणि त्यांची बोली ना अभिजात भाषांच्या यादीत होती, ना कुठल्या सरकारी कागदावर.

हे दोन निर्णय आम्ही एकत्र वाचतो, कारण दोन्हींच्या मधल्या फटीत एक अख्खी भाषा पडून राहिली आहे. भूम, वाशी, कळंब, परंडा या पट्ट्यात फासेपारध्यांच्या अनेक वस्त्या आहेत. आमच्या भागात पारध्यांच्या वस्तीला ‘पारधी पिढी’ म्हणतात. या पिढीवर घरात जी बोली बोलली जाते ती मराठी नव्हे. कान देऊन ऐकले तर गुजरातीची, खानदेशाकडच्या भिल्लांच्या बोलीची आठवण येते. जॉर्ज ग्रिअर्सनने भारतीय भाषांचे जे प्रचंड सर्वेक्षण केले, त्याच्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, १९०७ साली, पारधी बोली भिल्ल भाषांच्या रांगेत नोंदवली गेली आहे. म्हणजे इंग्रजांना ही बोली शंभर वर्षांपूर्वी ठाऊक होती. बोलीची नोंद घेणारे हेच सरकार १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली तिच्या बोलणाऱ्यांची हजेरीही घेत होते! आमचा जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात. तिथेही गुन्हेगार ठरवलेल्या जमातींसाठी वेगळी व्यवस्था होतीच. १९४८ च्या सप्टेंबरात निजामी गेली, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी इंग्रजांचा कायदा देशभर रद्द झाला, माणसे कागदावर विमुक्त झाली. त्यांची बोली मात्र विमुक्त झाली नाही.

असे आम्ही का म्हणतो? वकिली करताना जे डोळ्यांनी पाहिले त्यावरून म्हणतो.

काही वर्षांपूर्वी मराठवाड्यातल्या एका पोलीस ठाण्यात साठीच्या घरातील एका पारधी आजीला आणि तिच्या मुलाला चोरीच्या संशयावरून आणले होते. आम्ही पोहोचलो तेव्हा कागद तयार होते. ‘अटकेची कारणे आरोपीस समजेल अशा भाषेत समजावून सांगितली’ हे वाक्य छापील होते आणि त्याखाली आजीचा अंगठा होता. आजीला बाजारापुरते मराठी येत होते. तितरे विकायची, मध विकायचा, भाव सांगायचा. ‘सदर इसम’, ‘मुद्देमाल’, ‘हस्तगत’, ‘फिर्यादी’ या ठाण्याच्या मराठीतले एक अक्षर तिला समजले नव्हते. (खरे सांगायचे तर ती मराठी गावातल्या पाटलालाही समजत नाही. पण पाटलाला कुणी अंगठा मागत नाही.) शेवटी पाचवीत शिकणारा तिचा नातू दुभाष्या झाला. आम्ही मराठीत विचारायचे, त्याने आजीला त्यांच्या बोलीत सांगायचे, आजीने उत्तर द्यायचे. ‘जामीन’ या शब्दाला त्याच्याकडे शब्द नव्हता. तो तसाच ‘जामीन’ म्हणाला. दहा-अकरा वर्षांचे पोर कोर्टाच्या व्हरांड्यात भारताच्या राज्यघटनेचे भाषांतर करीत उभे होते!

त्याच ठाण्यातल्या एका कर्मचाऱ्याने आम्हाला सहज सांगितले, ‘वकीलसाहेब, ही लोकं आपसात त्यांच्या चोरांच्या भाषेत बोलत होती, म्हणून जास्तच संशय आला.’ त्या माणसाच्या मनात द्वेष होता असे नाही. त्याला नोकरीत हेच शिकवले गेले होते. आई मुलाशी आईच्या भाषेत बोलली, हा त्याच्या लेखी पुरावा होता.

आता दुसरे टोक पाहा. फासेपारधी महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत आहेत. राज्याच्या यादीतील नोंदीत पारधी, फासेपारधी, लंगोली पारधी, चिता पारधी, टाकणकार अशी अनेक नावे एकत्र आहेत. प्रमाणपत्र काढायला गेले की ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा आणि जमातीचा पुरावा मागतात. ज्यांना तीन दिवसांपेक्षा जास्त एका गावात राहू दिले जात नव्हते त्यांनी १९५० चा कागद आणायचा कुठून? कसाबसा एखादा मुलगा प्रमाणपत्र मिळवतो, नोकरी किंवा शिक्षणासाठी पडताळणी समितीपुढे जातो. १९९४ च्या माधुरी पाटील खटल्यानंतर या समित्या आणि त्यांची दक्षता पथके सुरू झाली. जमातीच्या चालीरीती, देव, लग्नाचे व मर्तिकाचे विधी यांची माहिती जुळते का हे पाहायचे, ही ती ‘आप्तभाव चाचणी’. या चौकशीत बोलीचा प्रश्न हमखास येतो. तुमच्या बोलीत बोलून दाखवा! मुलगा आश्रमशाळेत वाढला, वसतिगृहात मराठीत शिकला, बोली विसरला, की त्याच्या पारधीपणावरच शंका!

म्हणजे ठाण्यात बोली बोलला तर गुन्हेगार आणि समितीपुढे बोली विसरला तर बोगस. शाळेत त्या बोलीत एक धडा नाही, कोर्टात एक दुभाष्या नाही. या राज्यव्यवस्थेला पारध्याची बोली फक्त त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून हवी आहे. त्याचा हक्क म्हणून तिची आठवण कुणालाच येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या आनंद खटल्यात आणि पुन्हा २४ मार्च २०२३ रोजी ठाकूर जमातीच्या प्रकरणात बजावले की आप्तभाव चाचणी ही अंतिम कसोटी नव्हे. स्थलांतर, शिक्षण, आधुनिक जीवनाचा संपर्क यांनी जुन्या खुणा पुसल्या जातात. हा निकाल आमच्या टेबलावर कायम असतो. पण निकाल टेबलावरून समितीच्या डोक्यात उतरायला वर्षे लागतात, हेही आम्ही शिकलो आहोत.

बोली पुसली कशी जाते, हे पिढीवर बसल्याशिवाय कळत नाही. ज्या ज्ञानावर ही बोली उभी होती ते ज्ञानच बेकायदा झाले. फासे लावणे हा या जमातीचा पिढीजात हुन्नर. कोणत्या पाखरासाठी कोणता फास, कोणत्या रानात कोणत्या वेळी लावायचा, तितराची, लाव्याची शीळ हुबेहूब कशी काढायची, मातीवरचा माग किती वेळाचा आहे हे बघताक्षणी कसे ओळखायचे, या प्रत्येक गोष्टीला त्या बोलीत वेगळा शब्द होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार गुन्हा ठरली. पाखरे वाचली पाहिजेत, त्याबद्दल आमचे दुमत नाही. पण ज्यांची रोजी गेली त्यांना बदल्यात काय दिले? पाखरांची एवढी माहिती असलेल्या माणसाला वन खात्याने कधी वाटाड्या म्हणून नेमले? म्हातारी माणसे अजून ते शब्द सांगतात. नातवंडे हसतात, कारण नातवंडांनी फास पाहिलेलाच नाही.

दुसरे कारण भीती. भूम तालुक्यातल्या एका पिढीवर पंचविशीतल्या एका तरुणाला आम्ही विचारले की तुम्ही घरात मुलांशी कोणत्या भाषेत बोलता? तो म्हणाला, ‘मराठीतच, साहेब. एष्टीत आम्ही आमच्या बोलीत बोललो की लोकं पिशव्या जवळ ओढतात. मग लेकराला ती शिकवायची कशाला?’ या वाक्यापुढे आमचे सगळे कलम-उपकलमांचे ज्ञान गप्प झाले.

इथे आमच्याच चळवळीतील काही मित्र एक प्रश्न विचारतात आणि तो टाळून चालणार नाही. ते म्हणतात, आम्ही बाबासाहेबांच्या सांगण्यावरून येसकरकी सोडली, मेलेले ढोर ओढणे सोडले, जातीच्या साऱ्या खुणा गावकुसाबाहेर फेकून दिल्या, म्हणून पुढे आलो. मग पारध्याला त्याची बोली जपायला सांगणे म्हणजे त्याला मागे ओढणे नव्हे काय? त्याने मराठी शिकावे, इंग्रजी शिकावे, साहेब व्हावे. आम्ही या मित्रांशी अर्धे सहमत आहोत. मराठी आणि इंग्रजी पारध्याच्या मुलाला उत्तम आलीच पाहिजे. बोलीच्या नावाखाली त्याला संग्रहालयात बसवायला आमचा विरोध राहील. पण येसकरकी ही आमच्यावर लादलेली गुलामी होती, बोली ही आईकडून आलेली आहे. आम्ही येसकरकी सोडली ती मान ताठ करून. पारधी बोली सोडतो आहे तो मान खाली घालून, एष्टीतल्या नजरांना घाबरून. भीतीने सोडलेल्या गोष्टीला प्रगती म्हणायला आम्ही तयार नाही.

बाबासाहेबांनी या माणसांना कधी विसरले नव्हते. ‘अस्पृश्य मूळचे कोण?’ या १९४८ च्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी गुन्हेगार ठरवलेल्या जमाती, आदिवासी आणि अस्पृश्य या तिघांना एका ओळीत उभे केले आणि असे कोट्यवधी लोक निर्माण करणाऱ्या संस्कृतीला संस्कृती म्हणायचे का, असा सवाल केला. त्याच वर्षी ८ डिसेंबरला घटना समितीत भाषिक व सांस्कृतिक हक्कांच्या कलमावर ते बोलले. आज ते कलम २९ आहे. अल्पसंख्य हा शब्द तिथे तांत्रिक अर्थाने नाही, मद्रासहून मुंबईत आलेली किंवा महाराष्ट्रातून बंगालमध्ये गेलेली माणसेही तिथे सांस्कृतिक अल्पसंख्य ठरतात, असा त्यांच्या स्पष्टीकरणाचा आशय होता. अंतिम मसुद्यात ‘नागरिकांचा कोणताही गट’ असे शब्द आले. भूमच्या गायरानावरची पंधरा-वीस पारधी कुटुंबे हा नागरिकांचा गट आहे की नाही? आहे. मग कलम २९ त्यांचेही आहे.

आणि तथागतांचे काय? विनयपिटकातील चुल्लवग्गात प्रसंग आहे. ब्राह्मण कुळातून आलेल्या दोन भिक्खूंनी बुद्धवचन छांदस भाषेत बसवण्याची परवानगी मागितली. तथागतांनी ती नाकारली आणि धम्म आपापल्या बोलीत शिकावा अशी अनुज्ञा दिली. पाली अभिजात झाली म्हणून पेढे वाटणाऱ्या आम्हा बौद्धांवर याची जबाबदारी येते. बुद्धवाड्यातून पारधी पिढीवर जाणारी वाट आमच्या किती कार्यकर्त्यांना माहीत आहे? बीडकडे एकनाथ आवाडांनी मानवी हक्क अभियानातून दलित आणि पारध्यांना गायरानाच्या लढ्यात एकत्र उभे केले, ते २०१५ मध्ये गेले. तुळजापूर तालुक्यातील यमगरवाडीत संघ परिवाराने भटक्या-विमुक्तांच्या मुलांची शाळा उभी केली. त्यांच्या विचारांशी आमचे हाडवैर आहे, पण मुले त्यांच्या पंगतीला गेली तेव्हा आमची पंगत कुठे होती, हेही विचारले पाहिजे. अमरावती जिल्ह्यात मंगरूळ चव्हाळा येथे मतीन भोसले या फासेपारधी शिक्षकाने ‘प्रश्नचिन्ह’ शाळा काढली. तिचाही काही भाग २०१९ मध्ये समृद्धी महामार्गाच्या आड आला म्हणून पाडला गेला. शाळेचे नाव किती चपखल!

२०२५ च्या एप्रिल आणि जूनमध्ये राज्य सरकारने पहिलीपासून हिंदीचे फर्मान काढले तेव्हा अवघा महाराष्ट्र मातृभाषेसाठी उभा राहिला आणि २९ जूनला सरकारला ते मागे घ्यावे लागले. आम्हीही त्या विरोधात होतो. पण त्या सभेत बसल्या बसल्या आमच्या मनात येत होते की पिढीवरच्या पोराला पहिलीच्या पहिल्या दिवशी मराठी ही जवळपास परकीच असते. त्याच्यासाठी कोण उभे राहिले? घटनेचे कलम ३५० क १९५६ पासून प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करा म्हणते. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २९ शक्य तोवर मातृभाषेतून शिकवा म्हणते. पहिल्या दोन वर्षांसाठी पिढीवरचीच एक शिकलेली मुलगी मदतनीस म्हणून शाळेत घ्यायला किती खर्च येतो? पहिलीतून गळणाऱ्या मुलांचा हिशोब मांडला तर खर्च उलटा निघेल.

सरकार म्हणते, किती जण ही भाषा बोलतात ते सांगा. इथे तर मोठाच घोळ आहे. १९६१ च्या जनगणनेत १६५२ मातृभाषांची नावे आली होती. १९७१ पासून दहा हजारांपेक्षा कमी लोक बोलतात त्या भाषांची वेगळी आकडेवारी छापणे बंद झाले. २०११ मध्ये लोकांनी १९,५६९ नावे सांगितली. छाननी, जुळवाजुळव होऊन हाती १२१ भाषा उरल्या. या जुळवाजुळवीत २००१ च्या तक्त्यांत पारधी ‘भिली/भिलोडी’च्या पोटात, कैकाडी तमिळच्या, वडारी तेलुगूच्या आणि लमाणी हिंदीच्या पोटात गेली. भाषाशास्त्राची नाती आम्ही नाकारत नाही. पण पंढरपूरचा कैकाडी तमिळ पुस्तक वाचू शकतो का? मोठ्या भाषेची संख्या फुगते आणि लहान भाषेचे नाव जाते. आणि ही तर नाव सांगणाऱ्यांची गोष्ट झाली. एष्टीतल्या भीतीने ज्यांनी गणकाला ‘मराठी’ सांगितले त्यांचा हिशोब कुठेच नाही.

हा प्रकार फक्त आपल्याकडचा नाही. रशियात व्होल्गा नदीच्या परिसरात एर्झ्या नावाचे लोक राहतात. सरकारदरबारी त्यांना आणि शेजारच्या मोक्षा लोकांना मिळून ‘मोर्दवा’ म्हणतात, जरी दोघांच्या भाषा वेगळ्या आहेत. त्या एर्झ्यांतही शोक्शा नावाचा एक छोटा गट आहे, त्याची बोली आणखी वेगळी. म्हणजे मोठ्या नावाखाली मधले नाव आणि मधल्या नावाखाली धाकटे! पारध्यांतही फासेपारधी, गावपारधी, टाकणकार असे गट आहेत आणि सरकारी रकाना एकच. २०१८ मध्ये रशियाने शाळेत अशा स्थानिक भाषा शिकणे ऐच्छिक केले. पुढच्याच वर्षी, १० सप्टेंबर २०१९ रोजी, त्याच भाषाकुळातील उदमुर्त लोकांचे विद्वान अल्बर्ट राझिन यांनी आपल्या भाषेसाठी इझेव्स्क शहरात विधिमंडळासमोर स्वतःला जाळून घेतले.

आपल्याकडे सरकारने जे केले नाही ते काही प्रमाणात लोकांनी केले. गणेश देवी यांच्या पुढाकाराने भारतीय भाषांचे लोकसर्वेक्षण झाले. महाराष्ट्राचा खंड अरुण जाखडे यांनी संपादित करून २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. भटक्या-विमुक्तांच्या बोलींना त्यात मानाने जागा मिळाली. याच देवींनी महाश्वेता देवी आणि लक्ष्मण गायकवाड यांच्याबरोबर १९९८ मध्ये विमुक्तांच्या हक्कांसाठी कृती गट उभारला होता. बोलीचा आणि कोठडीचा प्रश्न एकच आहे हे त्यांना तेव्हाच उमगले होते.

कायद्याच्या बाजूने मात्र आता एक दार उघडले आहे आणि वकील बांधवांनी ते लक्षात घ्यावे म्हणूनच हा लेखनप्रपंच. ६ नोव्हेंबर २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई आणि न्या. ऑगस्टीन जॉर्ज मसीह यांच्या पीठाने मिहिर राजेश शाह विरुद्ध महाराष्ट्र शासन या खटल्यात सांगितले की कोणत्याही गुन्ह्यात अटकेची कारणे लेखी आणि आरोपीला समजेल अशा भाषेत दिली पाहिजेत. लगेच शक्य नसेल तर आधी तोंडी सांगावीत, पण रिमांडसाठी उभे करण्यापूर्वी किमान दोन तास लेखी दिलीच पाहिजेत. नाहीतर अटक आणि रिमांड दोन्ही बेकायदा. खटला मुंबईतील मोटार अपघाताचा, पण निकाल गायरानापर्यंत पोहोचतो. हे तत्त्व अगदीच नवे नाही. १९६२ मध्ये हरिकिसन खटल्यात स्थानबद्धतेची कारणे इंग्रजीत दिली होती, त्या माणसाला इंग्रजी येत नव्हते. पोलीस अधिकाऱ्याने तोंडी हिंदीत सांगितले होते तरी सर्वोच्च न्यायालयाने ते पुरेसे मानले नाही. साक्षीपुराव्याचेही तेच. आरोपीला न समजणाऱ्या भाषेतील साक्ष त्याला समजेल अशा भाषेत सांगावी, हे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २७९ मध्ये होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३१४ मध्येही आहे.

मग पारधी आजीला ‘समजेल अशी भाषा’ कोणती? पारधी बोलीला स्वतःची लिपी नाही, हे कारण चालणार नाही. मराठीची देवनागरी आहे, तीत लिहा आणि वाचून दाखवा. दुभाष्या नाही, हेही चालणार नाही. पारधी समाजात आता दहावी-बारावी झालेली मुले-मुली आहेत, त्यांची यादी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने करावी, प्रत्येक फेरीचे मानधन द्यावे. आम्ही स्वतः असा अर्ज तयार केला आहे. रिमांडच्या वेळी प्रत्येक वकिलाने पहिला प्रश्न हाच विचारावा : अंगठा घेण्यापूर्वी हा कागद कोणत्या भाषेत, कुणी वाचून दाखवला?

आणि दुसरी तयारी जनगणनेची. २०२१ ची जनगणना झालीच नाही. १६ जून २०२५ च्या अधिसूचनेप्रमाणे आता १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक आहे. या वेळी जातीचीही गणना होणार असल्याने सगळ्यांचे लक्ष जातीच्या रकान्याकडे आहे. मातृभाषेच्या रकान्याकडे कुणाचेच नाही. मातृभाषा म्हणजे लहानपणी आई आपल्याशी जी भाषा बोलली ती, अशी जनगणनेचीच व्याख्या आहे. सांगणारा जे नाव सांगेल तेच गणकाने लिहायचे असते, त्याने आपल्या मनाने ‘मराठी’ लिहायचे नसते. कैकाडी, वडार, लमाण, वैदू बांधवांनाही आमचे हेच सांगणे आहे.

हे सांगायला आम्ही त्याच पिढीवर पुन्हा गेलो. एष्टीची गोष्ट सांगणारा तो तरुण सगळे ऐकून घेऊन म्हणाला, ‘साहेब, पारधी भाषा असं लिहून घेतल्यावर तो कागद ठाण्यात तर जाणार नाही ना?’ आम्ही त्याला १९४८ च्या जनगणना अधिनियमाचे कलम १५ सांगितले : त्या नोंदी कुणाला तपासायला मिळत नाहीत आणि कुठल्याही खटल्यात पुरावा म्हणून वापरता येत नाहीत. त्याने ते दोनदा विचारून घेतले. मग दारात बसलेल्या आपल्या आईकडे वळून त्यांच्या बोलीत सांगू लागला. बराच वेळ सांगत होता.